पहाटे साडेचार आणि सकाळी सात

पत्राचा सारांश: एका भगिनीचं सहा पानी पत्र आलं आहे. वय ४३. माहेर नगरकडचं, तीन पिढ्यांचं ख्रिस्ती घर. आता पिंपरी-चिंचवडमध्ये राहतात, शाळेत शिकवतात. पती मंडळीच्या गायनवृंदात आहेत. घरात पंधरा वर्षांची मुलगी आणि ७८ वर्षांच्या सासूबाई. सासूबाईंना तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला, गेल्या वर्षभरात विसरणंही वाढलं आहे. त्यांचं सगळं ही सून एकटी करते. दीर-जाऊ बंगळुरूला असतात, फोनवर चौकशी करतात. ताई पहाटे साडेचारला उठून पवित्र शास्त्र वाचतात. वर्षभरात संपूर्ण, असं हे चौथं वर्ष. शुक्रवारी उपास करतात, महिला मंडळ चालवतात. आणि सकाळी सातच्या सुमाराला सासूबाईंवर ओरडतात. महिन्यापूर्वी अंथरूण बदलताना त्यांनी सासूबाईंचा हात हिसडला, मनगटावर वळ उठला. मुलगी दारात उभी होती. ती म्हणाली, ‘आई, चर्चमधली तू आणि घरातली तू, दोन वेगळ्याच बायका आहात.’ ताई विचारतात: ‘वीस वर्षं प्रभूमागे चालून मी ख्रिस्तासारखी का झाले नाही? माझं तारण तरी झालंय का? चाळीस दिवसांचा उपास धरू? एक बहीण म्हणते मोठ्या सभेला जा, अभिषेक घे. जाऊ? की महिला मंडळच सोडून देऊ?’

प्रिय ताई,

जय ख्रिस्त.

तुमच्या प्रश्नांच्या आधी मला त्या मनगटाविषयी बोलायचं आहे. तुम्ही ते लपवलं नाहीत, पण चौथ्या पानावर कंसात लिहिलंत. तो कंस काढून टाका. जिला स्वतःची कूस बदलता येत नाही तिच्या अंगावर वळ उठतो, तेव्हा तुमच्या आध्यात्मिक वाढीचा प्रश्न नंतर येतो. आधी येते ती तिची सुरक्षितता. पुन्हा हात तसा जाईल असं वाटलं की त्याच क्षणी त्यांना नीट टेकवा, पलंगाचा कठडा लावा आणि खोलीबाहेर या. ओली चादर दहा मिनिटं ओली राहिली तरी चालेल. घरात जो कोणी असेल त्याला हाक मारा, ‘मला आत्ता जमणार नाही, तू ये,’ एवढंच म्हणा. तीन वर्षं अपुऱ्या झोपेवर आजारी माणसाचं करणाऱ्या बाईने स्वतःलाही डॉक्टरांना दाखवायला हवं. कुणाशी बोलावं असं वाटलं तर सरकारची १४४१६ ही मनोविकारांची हेल्पलाइन दिवसरात्र चालू असते, पैसे पडत नाहीत. ज्येष्ठांसाठीची १४५६७ आहे, तिथे सोयींची माहिती मिळते. हे करणं म्हणजे विश्वास कमी पडणं नव्हे. सासूबाईंचं विसरणं एकाएकी वाढलं असेल तर त्यांचीही तपासणी करून घ्या. म्हातारपणी लघवीच्या जंतुसंसर्गानेसुद्धा माणूस भ्रमिष्टासारखं वागतो, आणि त्यावर साधे उपचार असतात.

आता तारणाचा प्रश्न. त्यात फार वेळ घालवू नका. ज्याचं काळीज निबर झालंय त्याला एक वळ महिनाभर जागं ठेवत नाही. पौलाने फिलिप्पैच्या मंडळीला लिहिताना सुरुवातीलाच म्हटलंय की तुमच्यात ज्याने चांगलं काम सुरू केलं तो ते पूर्ण करील. त्याच पत्राच्या तिसऱ्या अध्यायात तो स्वतःबद्दल म्हणतो, मी अजून पूर्ण झालेलो नाही, मी धावतो आहे. हे लिहिणारा तुरुंगात होता, कितीतरी वर्षं सुवार्तेसाठी मार खाल्लेला होता. तो ‘अजून नाही’ म्हणू शकतो, तर तुम्हालाही म्हणता येईल.

पण खरी अडचण मला वेगळीच दिसते. ‘ख्रिस्तासारखी’ हा शब्द तुम्ही पत्रात अकरा वेळा लिहिलाय. प्रत्येक ठिकाणी त्याच्या शेजारी काय आहे ते मी पाहिलं. ‘कधी न चिडणारी’. ‘उलट उत्तर न देणारी’. ‘सगळं हसत करणारी’. ‘कुणाकडे काही न मागणारी’. ताई, हे वर्णन शुभवर्तमानातल्या येशूचं नाही. हे आपल्याकडच्या सोशिक सुनेचं आहे. आपण मराठी बायका ख्रिस्ती झालो तीन-चार पिढ्यांपूर्वी, पण आदर्श सुनेची ती जुनी तसबीर भिंतीवरून काढलीच नाही. तिच्यावरच येशूचं नाव लिहिलं.

येशू कसा होता ते पाहा. मार्काच्या तिसऱ्या अध्यायात वाळलेल्या हाताच्या माणसाला बरं करण्याआधी त्याने सभोवार रागाने पाहिलं, त्यांच्या मनाच्या कठीणपणाबद्दल त्याला दुःख झालं. राग होता, पण तो दुबळ्यावर निघाला नाही, त्याच्या बाजूने उभा राहिला. तो वादळात नावेत उशी घेऊन झोपला. लोक शोधत असताना एकांतात गेला. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत त्याने शिष्यांना चक्क विनवलं, माझ्याबरोबर जागे राहा. आणि वधस्तंभावर शेवटचा श्वास घेता घेता त्याने काय केलं? आपल्या आईची सोय लावली. तिचा हात दुसऱ्याच्या हातात दिला, आणि त्या दिवसापासून त्या शिष्याने तिला आपल्या घरी ठेवून घेतलं. गुड फ्रायडेच्या उपासनेत सात उद्गारांपैकी हा तिसरा उद्गार आपण दर वर्षी ऐकतो. आईची काळजी एकट्याने वाहायची नसते, हे त्यात किती स्पष्ट आहे! तुमच्या घरात मात्र ते कुणी ऐकलेलं दिसत नाही.

म्हणून थोडं तुमच्या पतीविषयी. पत्रात ते तीनदाच येतात, तिन्ही वेळा गायनवृंदाच्या सरावाला निघालेले. ती आई त्यांची आहे. मार्काच्या सातव्या अध्यायात येशू परूशांवर, म्हणजे त्या काळच्या कर्मठ धर्मपुढाऱ्यांवर, एका गोष्टीसाठी भयंकर चिडतो. आईवडिलांना जे द्यायचं ते ‘कर्बान’, म्हणजे देवाला अर्पण, असं म्हणून लोक मोकळे होत, आणि धर्मशिक्षक त्यांना तशी मुभा देत. देवाचं काम पुढे करून आईबापाचं टाळणं येशूला सहन झालं नाही. तुमचे पती वाईट आहेत असं मी म्हणत नाही. कदाचित तुमच्या सोशिकपणामुळे त्यांना काही दिसलंच नसेल. सकाळी सात ते पावणेआठ त्यांनी आईचं करावं, आठवड्यातून निदान चार दिवस. स्वतःच्या आईला स्वच्छ करायला पुरुषाला अवघड वाटतं हे मला ठाऊक आहे. शिष्यांचे पाय धुणाऱ्या गुरूचे आपण अनुयायी आहोत, एवढं त्यांना सांगा. माझ्या नावावर सांगितलंत तरी चालेल. बंगळुरूच्या दिरांना फोनवर ‘आई बरी आहे’ म्हणणं थांबवा. महिन्याचा खर्च कागदावर मांडा. सकाळी दोन तास येणाऱ्या बाईचा पगार, डायपर, हवेची गादी. आणि त्यातला त्यांचा वाटा किती ते थेट विचारा. मागणं हे पाप नाही.

हे सगळं झाल्यावरही तुमचा राग उरेलच. तो पतीच्या मदतीने आटोक्यात येईल, पण संपणार नाही, आणि त्याच्याशी तुम्हालाच प्रभूसमोर बसावं लागेल. गलतीकरांच्या पत्रातली ती ओळ आपण शब्बाथ शाळेत पाठ केली: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. नऊ नावं, पण शब्द ‘फळ’ आहे, एकवचनी. मी लहान असताना या नऊ गोष्टी म्हणजे शाळेतल्या प्रगतिपुस्तकातले नऊ विषय वाटायचे. सहनशीलतेत नापास, विश्वासूपणात पहिला वर्ग. तुम्हीही तसेच गुण मांडलेत, आणि एका विषयात नापास म्हणून सगळं वर्षच वाया गेलं म्हणता. फळ तसं येत नाही. झाडाला वर्षभर पाणी घालावं लागतं हे खरं, पण पाण्याच्या घागरी मोजून आंबे मोजता येत नाहीत.

मार्काच्या चौथ्या अध्यायात येशूने सांगितलेली एक छोटी गोष्ट आहे, फक्त याच शुभवर्तमानात येते. माणूस बी टाकतो, रात्री झोपतो, दिवसा उठतो, आणि बी कसं रुजतं-वाढतं ते त्याला कळत नाही. पहिल्याने अंकुर, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा. गालीलात तो गहू किंवा जव असेल, पण आपल्या मराठी शास्त्रात ‘कणीस’ शब्द आला की मला नगर-पारनेरची रब्बीची ज्वारीच दिसते. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेली. तुम्हीही त्या भागातल्या, तुम्हाला ठाऊक असेल की कणीस निसवलं तरी आत लगेच दाणा नसतो. बोटाने दाबलं तर नुसतं दूध. कुणी शेतकरी त्याला खोटं कणीस म्हणत नाही.

आपल्या मराठी मंडळीतली थोर माणसंही अशीच भरत गेली. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. त्यानंतर त्या परत आल्या, विधवांसाठी १८८९ मध्ये शारदा सदन काढलं, लोकांचे शिव्याशाप सोसले. आणि स्वतःच्या साक्षीत त्यांनी लिहून ठेवलंय की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचं जीवन जो ख्रिस्त, तो सापडलाच नव्हता. आठ वर्षं! आणि त्या वर्षांतलं त्यांचं काम खोटं होतं असं कुणी म्हणेल का? ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. त्यांची भजनं गात आपण वाढलो. पण त्यांचा शीघ्रकोप बाप्तिस्म्याच्या पाण्यात वाहून गेला नाही, आणि हे लक्ष्मीबाईंनी, त्यांच्या पत्नीने, काहीही आडपडदा न ठेवता सांगितलंय. लक्ष्मीबाई स्वतः पाच वर्षांनी ख्रिस्ती झाल्या. त्यांच्या मनातलं सोवळंओवळंही एका दिवसात गेलं नाही, एकेक गाठ सुटत गेली. त्या ते मान खाली घालून लिहीत नाहीत, उघडपणे लिहितात. मला तो उघडेपणाच ख्रिस्तासारखा वाटतो. दोन वेगळ्या बायका एक व्हायला लागतात त्या तिथूनच.

इथे तुमच्या मुलीकडे येते. तिचं वाक्य तुम्हाला आरोप वाटलं. मला वाटतं, त्या पोरीला अजून आशा आहे. ज्या मुलांनी आईबापांच्या धर्माची आशा सोडलेली असते ती काही बोलत नाहीत, रविवारी डोकं दुखतं म्हणून घरी राहतात. तिच्याजवळ बसा आणि म्हणा, ‘तू म्हणालीस ते खरं होतं. आजीचा हात मी हिसडला, ते चूक होतं. मी प्रभूची आणि आजीची क्षमा मागितली, तुझीही मागते.’ त्यापुढे ‘पण’ लावू नका. मी दमले होते, आजी ऐकत नव्हती, हे तिला दिसतंच. क्षमा मागणारी आई पाहणं हा तिच्यासाठी दृढीकरणाच्या (कन्फर्मेशनच्या) वर्गापेक्षा मोठा धडा आहे. आणि हो, त्याआधी सासूबाईंची क्षमा खरोखर मागा, त्यांना आठवत नसलं तरी.

याचा मला अनुभव आहे. माझे वडील पाळक होते, खेडोपाडी सायकलवर फिरून उपासना घेतलेले. शेवटची दोन वर्षं त्यांना मी ओळखू येत नव्हते. एका रात्री ते भाकरीचे तुकडे करकरून जमिनीवर टाकत होते. मी तिसऱ्यांदा झाडून काढलं आणि ताट उचलून नेलं. ते उपाशी झोपले. मी रात्रभर जागी. पहाटे त्यांच्या पायाशी बसून म्हटलं, ‘दादा, चुकले, क्षमा करा.’ त्यांना काहीच आठवत नव्हतं. ‘भाकर आहे का?’ एवढंच म्हणाले. मी गरम भाकर करून कुस्करून दिली. त्या सकाळी मला प्रभुभोजनाची आठवण झाली, अजूनही ती भाकर आठवली की होते.

तुमच्या पत्रात अशीच एक ओळ आहे. ओरडण्याविषयी तुम्ही तीन पानं लिहिलीत आणि पाचव्या पानावर, जाता जाता, की त्या दिवशी संध्याकाळी तुम्ही सासूबाईंचे केस विंचरलेत आणि त्यांनी तुम्हाला त्यांच्या आईच्या नावाने हाक मारली. तुम्ही ‘ओ’ दिलीत. पुढच्याच ओळीत तुम्ही पुन्हा स्वतःला दोष द्यायला लागता. ताई, ती ‘ओ’ कुठून आली? साडेचारच्या वाचनात चार वर्षं जे पेरलं गेलं त्यातूनच ना?

आता थोडं रोजच्या व्यवहाराचं. हे अशाच घरांतल्या इतर बहिणींना, आणि भावांनाही, उपयोगी पडेल. चार अध्यायांचं वाचन काही महिने थांबवा आणि साडेपाचपर्यंत झोपा. एलीया संदेष्टा थकून मरण मागत झुडपाखाली पडला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर दिली, पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं. उठल्यावर दहा-बारा ओळी वाचा, शुभवर्तमानातल्याच, आणि त्यातलं एकच वाक्य दिवसभरासाठी घ्या. ते फळ्यावर किंवा कागदावर लिहून सासूबाईंच्या पलंगासमोर लावा. वचन आणि राग आजवर वेगवेगळ्या खोल्यांत राहत होते, ते आता एकाच खोलीत राहतील.

सात वाजता नेमकं काय होतं, ते आठवडाभर बघा. माझा अंदाज असा: डबा, मुलीची बस, तुमची शाळा, आणि त्याच वेळी ओली चादर आणि ‘मला चहा दिला नाही’ हे पाचव्यांदा. ‘दिला की मघाशीच’ असं सिद्ध करायला जाऊ नका, विसरणाऱ्या माणसाशी वादात कुणी जिंकत नाही. अर्धा कप कोमट चहा पुन्हा द्या. कधी कधी सहनशीलता म्हणजे थर्मासमध्ये भरून ठेवलेला जास्तीचा चहा असतो. मी हे पूर्ण गांभीर्याने सांगते आहे.

आणि गा. आठवणी पुसल्या तरी जुनी गाणी पुष्कळदा उरतात. माझे वडील माझं नाव विसरले होते, पण ‘उपासना संगीत’मधल्या टिळकांच्या गीताची पहिली ओळ मी म्हटली की दुसरी ते म्हणायचे. अंग पुसताना सासूबाईंच्या आवडीचं गीत म्हणा. आवाज गाण्यात गुंतला की ओरडायला उरत नाही, हे मी स्वतः करून पाहिलंय.

रात्री झोपण्याआधी पाच मिनिटं दिवस मागे फिरवून पाहा, प्रभूबरोबर बसून. कुठे तुटलं, कुठे जुळलं. दोन्ही सांगा. तुम्ही फक्त पहिलं सांगता. आज राग आला का, हे विचारण्यापेक्षा मी परत किती लवकर वळले, हे विचारा. ‘तुम्ही संतापात असताना सूर्य मावळू नये’ हे वचन राग येतो हे धरूनच लिहिलेलं आहे. पूर्वी तुम्ही तीन दिवस कुढत होतात, आता त्याच संध्याकाळी केस विंचरायला बसलात.

चाळीस दिवसांचा उपास मात्र या वर्षी नको. उपाशी पोटी तुमचा सात वाजताचा राग वाढेल, आणि तो सासूबाईंच्या वाट्याला येईल. यशयाच्या ५८व्या अध्यायात देवाला कुठला उपास आवडतो ते सांगितलंय. भुकेल्याला अन्न वाटून द्यावं, आणि आपल्याच रक्तामांसाच्या माणसापासून तोंड लपवू नये. तुम्ही तोंड लपवलेलं नाही. या उपासकाळात काही सोडायचंच असेल तर ‘मी एकटीच करीन’ हे सोडा. हा उपास तुम्हाला अन्नापेक्षा जड जाईल.

मोठ्या सभेचं म्हणाल तर मला अशा सभांविषयी अनादर नाही. १९०५ साली केडगावला रमाबाईंच्या मुक्तिसदनात जे आत्मिक जागरण झालं ते आपल्याच मातीतलं आहे, आत्मा त्याला वाटेल तिथे वाहतो. मन म्हणत असेल तर जा, गा, रडा. पण वीस वर्षं जे झालं नाही ते एका रात्रीत कुणाच्या तरी हात ठेवण्याने होऊन जाईल, या हिशेबाने जाऊ नका. असं वचन देणाऱ्या माणसापासून तर दूरच राहा, विशेषतः त्याने आधी वर्गणी मागितली तर. सोमवारी सात वाजणारच आहेत.

राहिलं महिला मंडळ. राजीनामा लिहून ठेवलाय म्हणता, तो फाडा. तुमच्या चुकीमुळे तुम्ही तिथे बसायला नालायक ठरत नाही. पण ‘आमच्या घरी सगळं छान आहे’ असं दाखवत तिथे बसणं आता पुरे. एखाद्या विश्वासू, वयाने मोठ्या बहिणीला आधी सगळं सांगा, वळासकट. सगळ्या मंडळाला ते सांगायची गरज नाही. त्यांना एवढंच सांगा की मला मदत हवी आहे. त्या बायकांपैकी निम्म्या जणींच्या घरी असंच कुणीतरी अंथरुणावर असेल आणि त्याही सात वाजता ओरडत असतील. दोघी-दोघींनी आठवड्यातून एकदा दोन तास एकमेकींच्या घरी बसायला जावं, एवढं ठरलं तरी मंडळाचं वर्ष कारणी लागेल. पुढची सभा तुमच्या घरी ठेवा, सासूबाईंच्या खोलीत, सतरंजी घालून. मुलीला पेटी वाजवू दे. पहिलं गीत कोणतं घ्यायचं ते सासूबाईंना विचारा, आणि त्यांनी तेच पुन्हा सांगितलं तर दुसरंही तेच घ्या.

तुमची ताई